डावीकडे ओढणारी दांडी

दुरुस्तीला आलेल्या यंत्रावर आधी एक फुंकर मारायची, ही त्याची सवय. म्हणून गल्लीने त्याचं नाव फुंकर ठेवलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. निम्मी यंत्रं फुंकरीनेच बरी होतात, असं तो सांगतो. उरलेली उघडतो.

त्या दिवशी एक निवृत्त बसचालक आजोबा सुनेबरोबर आले. नातवाचा हातात धरून खेळायचा गेम सुनेने काउंटरवर ठेवला. आजोबांना मागे बसवून आणलेल्या त्यांच्याच स्कूटरची किल्ली मात्र तिच्या पर्समध्येच राहिली.

"यातली गाडी सारखी डावीकडे जाते," आजोबा गेमकडे बोट दाखवत म्हणाले.

"गेमला काही झालेलं नाही. बाबांचा हात थरथरतो. म्हणून तर त्यांना स्कूटर बंद केलीय," सून म्हणाली.

"अगं, सदतीस वर्षं बस चालवली, साधा ओरखडा नाही!"

"बसला की प्रवाशांना?" फुंकरने विचारलं आणि फुंकर मारली. फरक पडला नाही.

मग त्याचा दुसरा नियम. गेम चालू करून ठेवायचा, चहा घ्यायचा, कप संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तिसऱ्या घोटाला पडद्यावरची गाडी आपली आपण डावीकडे सरकली आणि भिंतीवर आदळली.

"बघ!" आजोबा म्हणाले. सुनेचं लक्ष नेमकं चहाकडे होतं.

फुंकरने स्क्रू काढले. गाडी वळवायच्या छोट्या दांडीखालचा झिजलेला भाग बदलला, दांडीचा मध्य कुठे असतो ते यंत्राला नव्याने शिकवलं. पुन्हा एक कप चहा. गाडी ढिम्म हलली नाही.

"आता तुम्ही."

आजोबांनी गेम घेतला. गाडी सरळ निघाली, जरा पुढे गेली आणि डावीकडे जाऊन थांबली. निघाली, परत डावीकडे. सुनेने पर्सची चेन ओढून घेतली.

फुंकरने चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिलं. रस्त्याकडेला जिथे चार माणसं उभी, तिथेच गाडी थांबत होती.

"अहो बाबा, ही शर्यत आहे!"

"असेल. माणसं उभी आहेत, सोडून कसं जाऊ?"

"हात ठणठणीत आहे," फुंकर म्हणाला. "ही सवय आहे. तिचा पार्ट मिळत नाही."

सुनेने आणखी दोन थांबे पाहिले. गाडी दोन्ही वेळा कडेला अगदी समांतर, कुणाला धक्का नाही. तिने चेन उघडली आणि किल्ली काउंटरवर ठेवली.

"मला घरी सोडा. आणि वाटेत कुणाला घ्यायचं नाही."

फुंकरने सवयीने किल्लीवर एक फुंकर मारली आणि ती आजोबांच्या हातात दिली.