आईसाठी जोडलेल्या दोन चौकटी

उल्हासनगरच्या दुकानदारांच्या गिऱ्हाइकांना आपोआप उत्तरं जातील, अशी सोय मी करून देतो. स्क्रीनवर चौकटी ओढायच्या, बाणांनी जोडायच्या, झालं.

चामटोलीहून आई रोज दुपारी मेसेज करायची, ‘जेवलास का?’ माझं उत्तर आल्याशिवाय ती पानावर बसत नसे. मला त्याची कटकट व्हायची. एकदा वैतागून मी तिच्यासाठीही दोन चौकटी जोडल्या. दुपारी तिचा कुठलाही मेसेज आला की पाच मिनिटांनी आपोआप ‘हो आई, जेवलो’ असं उत्तर जायचं. पाच मिनिटं कशाला, तर खरं वाटावं म्हणून. तेवढी अक्कल मात्र बरोबर चालली.

मग ती अंबरनाथला माझ्याकडे राहायला आली. मी दार लावून मीटिंगमध्ये होतो, म्हणून तिने स्वयंपाकघरातूनच मेसेज केला, ‘ताट वाढलंय, ये.’

मी बाहेर आलो तेव्हा ती झाकलेल्या ताटाशी बसली होती. फोनवर आलेलं ‘हो आई, जेवलो’ माझ्यापुढे धरून म्हणाली, “मग रोज कोण जेवत होतं रे?”

चौकटी मी काढून टाकल्या. ती गावी परतली, आता विचारत नाही. दुपारी मीच विचारतो, ‘जेवलीस का?’ पाचेक मिनिटांनी ‘हो’ येतं. ती खरंच जेवली का, हे मला कळत नाही.