वाऱ्याला शिस्त लावणारं ऑफिस

किस्से काही मुद्दाम कुणी साठवत नाही हो! पण बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या तिघांच्या टीमकडे ते फाइलींपेक्षा जास्त झालेत. त्यातले चार-पाच आज तुमच्या गळ्यात मारते.

आधी काम सांगते. युरोपात दोन शेजारी देश, मधे नदी. एक देश नदीकाठी अणुवीज प्रकल्प बांधतोय, दुसऱ्याचा कडकडीत विरोध. नियम असा, की शेजारच्या कुणीही पत्राने प्रश्न विचारला तर बांधणाऱ्याने उत्तर द्यायचंच. ती पत्रं वाचून उत्तरांचा मसुदा करायचं कंत्राट आमच्याकडे. म्हणजे भांडण त्यांचं, उत्तरं बंगळुरूची!

टीममध्ये मालवणचे सावंत सर, पुण्याची मी, आणि निपाणीच्या सुनंदाअक्का. अक्का मराठीतून कन्नडमध्ये कधी शिरतात, ते त्यांचं त्यांनाही कळत नाही.

* * *

इथे भाड्याने घर शोधत होते तेव्हाची गोष्ट. ओनर अंकलनी विचारलं, "काम काय?"

मी जरा भाव खात म्हटलं, "न्यूक्लिअर प्लांटचं."

अंकल गंभीर झाले. आंटींना बाहेर बोलावलं. दोघांची बराच वेळ कुजबुज चालली. शेवटी म्हणाले, "सरी, ठीक आहे, घर घ्या. पण टेरेसवर काही ठेवायचं नाही. तिथे आमचं सोलर आहे!"

* * *

पहिला नकाशा मी केला. अपघात झालाच तर वारा किरणोत्सर्ग कुठवर नेईल, ते रंगांत दाखवायचं होतं. मी क्लायंटच्या देशाची हद्द निवडली आणि बटण दाबलं. लाल, नारिंगी, पिवळा... नदीशी येऊन सगळे रंग गुपचूप थांबले! पलीकडचा देश पांढराशुभ्र. कुणाच्या लक्षात आलं नाही आणि नकाशा छापूनही झाला.

आठवड्याभरात पलीकडच्या एका मास्तरांचं पत्र आलं. "आमच्या वाऱ्याला इतकी शिस्त लावल्याबद्दल आभार. आमच्या सातवीच्या वर्गालाही लावाल का?"

लाजेने मेले मी! सावंत सरांनी तो नकाशा माझ्या खुर्चीमागे चिकटवलाय. अजून काढू देत नाहीत.

* * *

सरांचीही एकदा जिरली. ते डब्यातलं सुकट मायक्रोवेव्हमध्ये गरम करतात. समोरच्या स्टार्टअपने रीतसर ईमेल पाठवला, "वास आमच्या हद्दीत येतो."

सरांनी आमचंच ठरीव उत्तर ठोकून दिलं. "आपली चिंता समजते. वास मान्य मर्यादेत आहे."

पाच मिनिटांत उलट ईमेल. "मर्यादा ठरवली कोणी?"

सर उठले. मग डबा उचलून समोरच्यांकडेच गेले. आता शुक्रवारी त्यांच्यातले दोघं भात घेऊन आमच्याकडे जेवायला येतात.

* * *

अक्कांचं माहेर निपाणी, सासर कागल. मधे दोन राज्यांची हद्द, पण जाणं-येणं रोजचं. एकदा दोन्हीकडच्यांनी एकाच रविवारी एकमेकांना सरप्राइज द्यायचं ठरवलं. माहेरचे कागलला, सासरचे निपाणीला. दोन्ही दारांना कुलूप, आणि दोन्ही घरचे शेजारच्या ओट्यावर बसून शिव्या घालतायत!

"तवापासून," अक्का म्हणतात, "मी निघायच्या आधी पलीकडं फोन करते."

* * *

आणि आता आजींचा किस्सा. आजी म्हणजे नदीच्या पलीकडच्या तीरावर, पुलाच्या अगदी तोंडाशी राहणाऱ्या एक बाई. त्यांचं पत्र तीन ओळींचं. "माझं घर पुलाला लागून आहे. एक गुडघा चालत नाही. सायरन वाजला तर मी कोणत्या दिशेला जायचं?"

आम्ही ठरीव उत्तर पाठवलं, की अपघाताची शक्यता अत्यंत कमी आहे.

आजींचं उलट पत्र आलं. "शक्यता नाही विचारली. दिशा विचारली!"

आम्ही पुन्हा तेच उत्तर पाठवलं, आजींनी पुन्हा तोच प्रश्न. महिनाअखेरीला पत्रांची मुदत संपून फाइल बंद होणार होती. अक्कांच्या जिवाला लागलं. "म्हातारी तिसऱ्यांदा एकच विचारालीय. साधं कुठं जाऊ म्हणतीय. तेवढंही सांगायचं नाही म्हणजे काय?"

त्यांनी दोन्ही देशांचे आपत्कालीन आराखडे शेजारी-शेजारी ठेवून वाचले. वाचता वाचता एकदम ओरडल्या, "अय्यो! निपाणी-कागल!"

प्रकल्पवाल्यांची माणसं पूल ओलांडून शेजारी देशात जाणार होती. शेजाऱ्यांचा आराखडा जुना, पुराच्या वेळचा. त्यांची माणसं तोच पूल ओलांडून प्रकल्पाकडच्या उंच जागी, म्हणजे थेट प्रकल्पाच्या दारात!

दुसऱ्याच दिवशी दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची व्हिडिओ मीटिंग होती. अक्कांचं काम फक्त टिपणं काढायचं. बोलायची परवानगी आम्हा कुणालाच नव्हती. सगळं संपत आलं आणि अक्कांनी माइक चालू केला.

"सर, स्वल्प डाउट. यांची माणसं पुलावरून तिकडं, त्यांची पुलावरून इकडं. मधे भेटून करायचं काय?"

सावंत सरांनी डोळेच मिटले. कंत्राट गेलं, असं मलाही वाटलं. मग पलीकडच्या अधिकारी बाई कागद चाळत हसायला लागल्या, आणि प्रकल्पवाले साहेबही. दोन वर्षांत ते एकत्र हसलेले आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

मुदतीच्या आत दोन्ही आराखडे बदलले. आजींना उत्तर अक्कांनीच लिहिलं. "उत्तरेला जायचं. पुलावर नाही. बस तुमच्या दाराशी येईल. पूल ओलांडून येणारी आमची माणसंही तीच बस घेतील."

शेवटच्या दिवशी आजींचं पत्र आलं.

"दिशा कळली, आभार. प्रकल्पाला माझा विरोध कायम आहे, तशी नोंद ठेवा. पलीकडून साधारण किती माणसं येतील ते कळवा. माझ्या ओसरीत बाकं दोनच आहेत."