आबांच्या खिशातला तिळगूळ

मी आबांचे खिसे तपासायचे. वडिलांचे खिसे तपासणारी मुलगी, हे लिहितानाही लाज वाटते. पण आई मधुमेहाने गेली आणि तिचं तेरावं होताच मी आबांच्या पथ्याचा ताबा घेतला. त्यांनाही तोच आजार होता. गोडाचे डबे वरच्या फळीवर, चहा बिनसाखरेचा, सणाचं ताट आधी माझ्या नजरेखालून जायचं. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाच्या घरात साखर लपवतात म्हणून शेजारी चिडवायचे. मी कोणाला भीक घातली नाही. आबांना इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. गोड बंद करा, आणि बाहेर जाताना जवळ काहीतरी गोड ठेवा, साखर एकदम उतरू शकते. त्यातली पहिली तेवढी मी ऐकली.

संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील. आबा, धाकटा भाऊ आणि मी तोरणमाळला निघालो. सकाळी निघायची घाई माझीच. इंजेक्शन घेऊन आबा जेमतेम अर्धी भाकरी खातात तोच मी त्यांना उठवलं. घाट चढून वर गेलो, तलाव पाहिला, सीताखाईच्या काठावर उभं राहून खाली पाहिलं. मग भावाला ओढ्याकडे उतरणारी पायवाट दिसली. आबा म्हणाले, चला. ते फार खुशीत होते. आईला इथे आणायचं राहून गेलं, हे त्यांनी दोनदा बोलून दाखवलं.

पायवाटेच्या तोंडाशी एक बाई शेळ्या चारत होती. तिथेच आबांनी रुमाल काढायला स्वेटरच्या आत हात घातला आणि कागदाची पुडी खाली पडली. तिळगुळाचे पाच लाडू होते. निघताना मी सगळे खिसे पाहिले होते, शर्टाचा तेवढा राहिला होता.

"वाटाले लयेल शेतस, बाई. खावाले नही," आबा मला म्हणाले.

वाटायला आणलेत हे मला खोटंच वाटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"वाटाले लयनात ना? मंग वाटा आते."

त्यांनी त्या बाईच्या ओंजळीत पाचही लाडू ठेवले आणि हात जोडले. ती हसली आणि तिने लाडू पदरात बांधून घेतले. पदराला गाठ पडेपर्यंत मी पाहत उभी होते. मग एखादी लढाई जिंकल्यासारखी पुढे चालू लागले.

ओढ्यावर बसलो, पाण्यात पाय सोडले. परतीच्या चढावर आबा मागे पडू लागले. मी म्हटलं, चला, बसू नका. थोड्या वेळाने ते आपण होऊनच एका दगडावर बसले. थंडीत त्यांचा शर्ट घामाने भिजला होता आणि हात थरथरत होते. भावाने काही विचारलं तर त्यांची जीभ अडखळायला लागली. मग ते त्याच्याकडे परक्या माणसासारखं पाहू लागले.

"ताई, तुन्हा जोडे काही गोड शे का?" भावाने विचारलं.

जवळ काही गोड निघतं का म्हणून मी पिशवी उलटी केली. बिनसाखरेची बिस्किटं, काकड्या, मेथीच्या पुऱ्या, पाणी. एक पुरी त्यांच्या तोंडाशी धरली, ती त्यांना चावता येईना. मोबाइलला रेंज नव्हती. गोड म्हणून जे काही होतं ते वरच्या त्या बाईच्या पदरात होतं, आणि ते तिथे मीच पोचवलं होतं. भावाने आबांना धरलं आणि मी पळत सुटले.

तो चढ मी कसा चढले ते आठवत नाही. आबा मरणार, आपण त्यांना मारलं, एवढंच डोक्यात होतं. वर पोचले तर ती बाई नाही, शेळ्याही नाहीत. मी हाका मारल्या, कोणाला मारत होते कोण जाणे. शेवटी टेकाडाच्या पलीकडून घंटीचा आवाज आला. मी धावत तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती पावरी बोलणारी, माझी अहिराणी तिला किती कळत होती देव जाणे. मी तिच्या पदराच्या गाठीकडे बोट केलं, मग खाली दरीकडे, आणि रडायला लागले. दिलेला तिळगूळ परत मागायला आले होते मी.

तिने गाठ चाचपून पाहिली. लाडू माझ्या हातात न देता, शेळ्या तशाच सोडून, ती अनवाणी माझ्यापुढे उतरू लागली. मला तिच्या मागे पळावं लागत होतं.

आबांचे डोळे अर्धे मिटले होते. तिने गाठ सोडली, पाचही लाडू होते. मी त्यातला एक उचलून चुरला आणि त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मी विनवण्या केल्या, रागावले, जबडा दाबून पाहिला. त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"वाटाना शेतस, बाई," ते मला अडखळत म्हणाले. "मी एक बी खायेल नही."

भाऊ हुंदके देऊ लागला. त्या बाईने माझ्या हातातला चुरा काढून घेतला, मला खांद्याने बाजूला सारलं आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली. हलक्या आवाजात ती काहीतरी बोलत होती, मला एक शब्द कळला नाही. आबांनी तोंड उघडलं. पहिला चुरा गेला, मग दुसरा.

तिसरा घास घेताना ते मान वळवून कोणाला तरी शोधू लागले. मी त्यांना दिसू नये म्हणून तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले.