त्र्याहत्तर लाल ठिपके

माझी मुलगी अंधेरीच्या एका कॉलेजात डिजिटल डिझाइन शिकते. चार वर्षांचा अभ्यासक्रम. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तीन परीक्षक समोर बसून वर्षभराचं काम बघतात, त्याला तिथे ज्युरी म्हणतात. शंभरपैकी पन्नासच्या खाली गेलं की चौथ्या वर्षात प्रवेश नाही. एवढं मला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते ज्युरीच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी कळलं.

मी साकीनाक्याला पितळी नळांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका युनिटमध्ये तपासनीस आहे. एकोणीस वर्षं झाली. आमच्याकडे चुकलेला पीस नुसता बाजूला ठेवत नाहीत. त्यावर ताबडतोब लाल रंगाचा ठिपका द्यायचा. नाहीतर तो चांगल्या मालात मिसळतो आणि गिऱ्हाइकाकडे जातो. माझ्या हातून असं एकदा झालं आहे. चाळीस पीस परत आले होते. ते खोकं मी अजून विसरलेली नाही.

मुलीने प्रोजेक्टसाठी विषय घेतला होता माझ्या हातांचा. घरातल्या टेबलावर मला बसवून, हातात मापाचं व्हर्निअर आणि एक पितळी बूच देऊन तिने व्हिडिओ काढला. मग त्यावरून एकेक चित्र पेन्सिलने काढलं. हात बूच उचलतो, मोजतो, फिरवून परत मोजतो, खाली ठेवतो. अठरा सेकंदांची फिल्म, सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे दोनशे सोळा कागद. फिल्म तयार होती. पण ज्युरीसमोर मूळ कागदही मांडायचे होते.

रविवारी सकाळी ती मोठे प्रिंट आणायला निघाली. जाताना म्हणाली, "आई, कागदांवर नंबर टाकून लावून ठेव ना. तुझ्याइतकं नीट कोणाला जमत नाही."

मी नंबर टाकायला बसले. विसाव्या कागदापाशी मला खटकलं. अंगठा लांब दिसत होता. मी पट्टी घेतली. पहिल्या कागदावर अंगठा बेचाळीस मिलिमीटर, विसाव्यावर एकोणपन्नास. पुढे एके ठिकाणी तर एकसष्ट, आणि करंगळी जवळजवळ नाहीच. माझी मुलगी उद्या हे तीन परीक्षकांसमोर ठेवणार होती. मी सगळे मोजले. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक सोडून दिला. त्याहून जास्त असेल त्या कागदाच्या कोपऱ्यात तिच्याच लाल मार्करने ठिपका दिला. दोनशे सोळापैकी त्र्याहत्तर निघाले. त्यांचा वेगळा गठ्ठा केला.

दीड वाजता ती आली. गठ्ठ्यावरचा पहिला कागद तिने उचलला, मग दुसरा, मग भराभर दहाबारा.

"आई, हे काय आहे?"

"चुकलेले आहेत. आता चुकून लागायचे नाहीत."

ती चपला न काढताच खाली बसली. "अगं, मुद्दाम तसे काढलेत! हात जोरात फिरतो तेव्हा ताणायचा असतो. नाहीतर हात हलतच नाही."

तिने लॅपटॉप उघडला. ती त्र्याहत्तर चित्रं वगळून तीच फिल्म लावली. माझा हात बूच उचलायच्या आत बूच खाली पडलेलं होतं. बोटं उचकी लागल्यासारखी उडत होती. मग तिने पूर्ण फिल्म लावली. त्यात मी होते. मी तशीच मोजते.

"ठिपक्यांनी काय होतं पण?" मी विचारलं.

"उद्या सही करून द्यायची आहे की या कामाला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. मूळ कागदांना चाळीस मार्क आहेत. मागच्या वर्षी एकीच्या कागदांवर तिच्या दादाने काम केलेलं पकडलं. चाळीसपैकी शून्य. बसलीये घरी."

माझे पती आतून म्हणाले, "बरां झाला, तिना माका लाल ठिपको लावूक नाय." कोणी हसलं नाही.

मी हिशेब केला. एक कागद पुन्हा काढायला पाव तास धरला तर त्र्याहत्तर कागदांना सव्वाअठरा तास. उद्या दहापर्यंत साडेवीस. जेवण, झोप आणि बोरीवलीहून जाणं धरलं तर बसत नव्हतं. मी तरी तिला पुन्हा काढायला सांगून पाहिलं.

"नवीन काढून जुने म्हणून दाखवू? तू असलं करशील?"

नसतं केलं. युनिटमध्ये तपासनिसाची चूक झाली की तो नोंद लिहितो: काय झालं, किती पीस, कोणी केलं. मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'दोनशे सोळापैकी त्र्याहत्तर कागदांवरचे लाल ठिपके आणि सर्व कागदांवरचे नंबर मी, विद्यार्थिनीच्या आईने केले आहेत. ठिपके तिला न विचारता दिले आहेत. रेषेला हात लावलेला नाही.' खाली सही केली.

"ई! बालवाडीत आहे का मी, आईची चिठ्ठी न्यायला?" ती म्हणाली. पण सकाळी चिठ्ठी टेबलावर नव्हती.

सोमवारी फोन नियमाप्रमाणे लॉकरमध्ये होता. दहा वाजल्यापासून मी एकच ट्रे तीनदा तपासला. सुपरवायझर म्हणाला, "ताई, त्या पिसांना आता लाज वाटायला लागली." जेवणाच्या सुट्टीत फोन बघितला. काही नाही. बाराच्या आत आटपणार होतं ना? मला तो शून्य दिसायला लागला.

चारला चहाच्या वेळी तिचा फोन लागला.

"पास गं. बासष्ट."

"चाळीसपैकी किती?"

"सव्वीस. चिठ्ठी मोठ्याने वाचली त्यांनी. मग म्हणाले, आईने नापास केलेले वगळून फिल्म दाखव. कालची होतीच माझ्याकडे, दाखवली."

"हसले?"

"एक जण हसले. एक बाई नाही हसल्या. त्या म्हणाल्या, कागद घरी असे मोकळे का ठेवलेस."

"चौदा गेले. त्यातले माझे किती?"

"आई, ते असं फोडून सांगत नाहीत."

"विचारायचं ना."

"तू ये आणि विचार," म्हणून तिने फोन ठेवला.

चहा तसाच ठेवून मी जागेवर गेले. पुढच्या ट्रेमध्ये पाचवाच पीस चुकलेला निघाला. ब्रश रंगात बुडवला आणि हात थांबला. पुन्हा मोजला. मग आणखी एकदा. तो खरोखरच चुकलेला होता. तेव्हा ठिपका दिला.