स्पिरिटच्या बाटलीतले भुंगेरे

प्रयोगशाळेत स्पिरिटची बाटली उघडली की मला वळसंगची एक डाळिंबाची बाग आठवते. तिथल्या एका ओळीतील चार झाडांच्या खोडांना टाचणीएवढी भोके पडून भुसा गळत होता आणि कीड पसरेल या धास्तीने मालकीण असलेल्या मावशींनी अख्खी बाग उपटायला जेसीबी सांगितला होता. मी तेव्हा कीटकशास्त्राची विद्यार्थिनी होते. एका दिवसाची मुदत मागितली. त्या ओळीतली ठिबकची नळी फुटलेली होती. "मावशी, मुळं पाण्यात गुदमरली की झाडाला दारूचा वास सुटतो, त्या वासावर हे खोड पोखरणारे भुंगेरे येतात; निरोगी झाडाला ते शिवत नाहीत," मी म्हणाले. मग निरोगी झाडांमध्ये काठीला स्पिरिटची उघडी बाटली टांगली. सकाळी तिच्यात तिळाएवढे भुंगेरे तरंगत होते, शेजारच्या खोडांवर मात्र एकही भोक नव्हते. मावशी पोट धरून हसल्या, "म्हंजे माझ्या दिराचा जोडीदारच की ह्यो!" आणि जेसीबीवाल्याला ओरडून म्हणाल्या, "चारच झाडं काढ, बाकीच्याला हात लावायचा न्हाय!" पुढे माझे निष्कर्ष अनेक परीक्षकांनी तपासले, इतक्या मोठ्याने हसून ते कुणीच मान्य केले नाहीत.