लॅकरवरचा ठसा

काल कॉलेजात कुणीतरी गिटारला लॅकरचा स्प्रे मारत होतं. तो वास आला आणि मला आमची तळवड्याची गच्ची आठवली. तेव्हा तिथे, चाकणच्या एका कंपनीत पेंटशॉपला, म्हणजे रंगकामाला असलेले पप्पा माझ्या जुन्या गिटारला स्प्रे मारत होते. प्रत्येक हात मारताना ते श्वास रोखून धरायचे.

"पप्पा, तोंडाला मास्क लावा ना."

"सवय आहे रे. कंपनीत मास्क देतात, पण मोठे साहेब येणार असले तरच. फोटोपुरता!"

ते हसले. मीही हसलो, आणि हसता हसता ओल्या लॅकरवर बोट टेकवलं.

आज पप्पांना धाप लागते, दोन जिनेही चढवत नाहीत. गिटारवरचा माझा ठसा मात्र तसाच आहे. तो दिसला की कंपनीचा संताप येतो. पण खरं सांगायचं तर, त्याहून जास्त माझ्या त्या हसण्याचा येतो.