शून्यावरचा काटा

शेडमध्ये त्यांना सगळे थांबामास्तर म्हणत. क्रेनचा सिलिंडर खोलायला घेतला की या गृहस्थांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो ‘थांबा’. बायको वाढायला बसली तरी थांबा म्हणत असतील, अशी त्यांच्या माघारी टवाळी चाले. ती त्यांच्या कानावर जाई. घाबरट म्हणवून घेणं त्यांना चालत होतं, कारण खरं कारण त्याहून वाईट होतं.

मास्तरांचा मेहुणा याच शेडमध्ये गेला, सिलिंडर खोलताना, अकरा वर्षांपूर्वी. चौकशीच्या कागदावर ‘स्वतःची घाई’ असं लिहिलं गेलं. मास्तरांची बायको अजून येताजाता मेलेल्या भावाला त्या घाईवरून बोल लावी. मेहुण्याची मुलगी ते ऐकतच वाढली आणि गेल्या महिन्यात आतोबांच्याच हाताखाली फिटर म्हणून लागली.

त्या दिवशी क्रेनची भुजा उचलणारा सिलिंडर उतरवून घोडीवर आडवा ठेवला होता. मुलीनं तोंडाच्या झाकणाला मोठा पाना लावला. उभी होती नेमकी सिलिंडरच्या दांड्यासमोर. मास्तरांनी तिला थांबवलं. सकाळपासूनची ही तिसरी खेप, म्हणून ती वैतागली.

“काटा शून्यावर आहे, आतोबा. होजच्या नळ्याही रिकाम्या आहेत. आता कशाची वाट बघायची?”

मास्तरांनी तिला दंड धरून बाजूला घेतलं. काटा दाबलेल्या तेलाचा जोर दाखवतो खरा, पण फक्त होजमधला, असं त्यांनी समजावलं. होज फुटला तरी भुजा कोसळू नये म्हणून सिलिंडरच्या अंगालाच एक वाल्व असतो, तो तेल आत कोंडून धरतो. अशात झाकण सैल केलं तर दांड्यासकट अंगावर येतं. त्यांनी खाली तसराळं सरकवलं, तिला बाजूलाच उभं केलं आणि वाल्वचा स्क्रू पाव आटा सोडला. फुस्सकन तेल आलं आणि येतच राहिलं. काटा शून्यावरून हलला नव्हता.

मुलीचा चेहरा उतरला. “बाबांच्या वेळीही काटा शून्यावर होता?”

“होता.”

“मग त्यांची घाई कुठली?”

मेहुण्याला वाल्वचं ठाऊक नव्हतं, एवढं म्हणून सुटता आलं असतं. अकरा वर्षं मास्तर असल्याच अर्ध्या वाक्यांवर जगत आले होते. आता त्यांना स्वतःचीच किळस आली.

“त्यानं मला दोनदा विचारलं,” ते म्हणाले. “मीच म्हणालो, खोल. वाल्वचं मला ठाऊक होतं गं. जेवणाची सुट्टी झाली होती, मला भूक लागली होती. घाई माझी होती.”

तिनं झाकणावरचा पाना काढून खाली ठेवला.

“आत्याला माहीत आहे?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. आज घरी गेल्यावर सांगा, एवढंच ती म्हणाली.

तेल थांबलं. “हं, खोल आता,” मास्तर सवयीनं बोलून गेले.

तिनं पाना उचलला नाही. काटा होजवरून काढून सिलिंडरच्या तोटीला बसवला, वाल्वचा स्क्रू पुन्हा तपासला, दांडा हातानं ढकलून पाहिला. मास्तर दूर सरले. त्या दिवशी मेहुण्यानं नेमकं हेच करायला हवं होतं, आणि मास्तरांवर विश्वास होता म्हणून त्यानं ते केलं नव्हतं.